अकरा गायींना एकच तक्ता

कुंडलिक सोनकांबळेला सरळ प्रश्न विचारला की सरळ उत्तर मिळतं, असं ज्याला वाटत असेल त्याने एकदा बोरीवली पूर्वेला येऊन जावं. मी दोन वर्षं विचारतेय. "कुंडलिकभाऊ, ही गाय आज का खात नाही?" की हा माणूस खाली वाकणार, शेण बोटाने उकरणार, नाकाशी नेणार आणि तोच हात माझ्यापुढे धरणार. "बगा." अहो, काय बगा? तोंडाने बोला ना! पण छे. मी वास घेईपर्यंत तो हात खाली जात नाही.

मी चेतना राणे, जनावरांची डॉक्टर. खरं सांगायचं तर कुत्र्या-मांजरांची. शिंपोलीला माझा दवाखाना आहे आणि तिथे माझं व्यवस्थित चाललेलं होतं. पण गोशाळेचे आधीचे डॉक्टर वय झाल्यामुळे यायचे थांबले. गोशाळेचे अध्यक्ष चंद्रप्रकाशभाई, त्यांचा लॅब्रेडॉर माझा पेशंट. ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही एवढ्याशा मांजराची नस शोधता, गाय तो कितनी बडी है, तुमच्यासाठी सोपी!" आणि मी मूर्खासारखी हो म्हणाले. आईने ऐकल्यावर कपाळाला हात लावला. "गो, तुका कुत्री-माजरां पुरां नाय झाली काय?" आईचं ऐकायला हवं होतं.

तर मंगळवार आणि शुक्रवार, नॅशनल पार्कच्या भिंतीलगतची ती गोशाळा, अकरा गायी आणि हा एक माणूस. वय अठ्ठावन्न. मूळचा कंधार तालुक्यातला, नांदेडकडचा. घरात जमीन नाही, बाप दुसऱ्याची गुरं राखायचा, म्हणून याचं लहानपण गुरांमागे. एकोणिसाव्या वर्षी मुंबईला आला आणि जोगेश्वरीच्या एका तबेल्यात म्हशींना चारा घालायला लागला. बावीस वर्षं तिथेच, म्हशींच्या डोक्यावरच्या माळ्यावर झोपून काढली. पुढे तबेला पालघरकडे हलला. मालक म्हणाला चल. हा म्हणाला, "पोरगी दहावीला हाय." झालं, नोकरी गेली. ती पोरगी रश्मी आज मालाडला नर्स आहे आणि बापाला रोज फोन करून विचारते, जेवलात का. तिला तरी हा नीट उत्तर देत असेल अशी आशा आहे.

गोशाळेत सगळे गोमाता म्हणतात. हा म्हणत नाही. एकदा देणगीदार बाईंनी प्रेमाने समजावलं, काका, माता म्हणावं. हा म्हणाला, "माझी आई कंधारला वारली." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईलमध्ये तोंड घातलं.

आता त्या अकरा गायी. सात संकरित, म्हणजे जर्सी नाहीतर होल्स्टीनचं रक्त असलेल्या, दूध आटल्यावर तबेलेवाल्यांनी आणून सोडलेल्या. दोन गीर. एक डांगी, इगतपुरीकडची, काळी-पांढरी. आणि एक लाल कंधारी. ही कंधारी म्हणजे मुंबईचा कारभार. मुलुंडच्या एका बिल्डरला नव्या टॉवरच्या वास्तुशांतीला घरात देशी गाय फिरवायची होती. भाड्याने गाय मिळते, पण याला स्वतःची हवी, म्हणून थेट नांदेडहून ट्रकने मागवली. गाय सॅम्पल फ्लॅटच्या टाइल्सवरून फिरली, फोटो निघाले, आणि चौथ्या दिवशी ती आमच्या दारात. ट्रकचा फळका पडला, आत लालबुंद कांती दिसली आणि कुंडलिकभाऊ हातातली बादली टाकून पुढे गेला. दोन वर्षांत मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच. ट्रस्टने तिचं नाव सुवर्णा ठेवलं. हा तिला बाई म्हणतो.

भांडण खुराकावरून सुरू झालं. हा माणूस अकरा गायींना अकरा तऱ्हेने खायला घालायचा. संकरित गायींना गोळी पेंड, सरकी, मक्याचा भरडा, हिरवा चारा. गीर मधेच कुठेतरी. आणि कंधारी, डांगी यांच्यापुढे कडबा. वर मूठभर सरकी, थोडं मीठ. बस! कोणाला किती, का, कुठेही लिहिलेलं नाही. "डोक्यात हाय," म्हणे. तुम्ही आजारी पडलात तर? "पडत न्हाई."

त्यात एका रविवारी कुणीतरी व्हिडिओ काढला. परदेशी रक्ताच्या गाईला पेंड, आणि आपल्या देशी गोमातेला सुकी वैरण! तो दीड दिवसात सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला. चंद्रप्रकाशभाई लालेलाल. माझ्यासमोर कुंडलिकभाऊला म्हणाले, "अरे, सगळ्या माता सारख्या. तुम्ही लोक तर समानता-समानता करता ना? मग इथे भेदभाव कसा?"

मला ते 'तुम्ही लोक' टोचलं. पण मी गप्प राहिले. कुंडलिकभाऊने भाईंच्या पायांकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "समानता म्हंजी समद्यांना एकाच मापाचे बूट का, भाई?"

भाईंना ते आवडलं नाही. त्यांनी मला तक्ता करायला सांगितला, आणि मी केला. खोटं कशाला बोलू, मलाही तो हवाच होता. वैताग आला होता मला त्या 'डोक्यात हाय'चा. गायी सगळ्या साधारण चारशे किलोच्या घरातल्या, मग चारशे किलोला जो खुराक लागतो तो काढला. पेंड इतकी, भरडा इतका, कडबाकुट्टी इतकी, सगळ्यांना एकसारखी. झकास टाइप केला, खाली सही केली. भाईंनी लॅमिनेट करून दाराशीच लावला आणि फोटो ग्रुपवर टाकला. लोकांनी नमस्काराचे हात पाठवले. कुंडलिकभाऊने तक्ता वाचला आणि म्हणाला, "वाट लागंल." मी तापले. हा माणूस सूचना पाळत नाही असं मी ट्रस्टला लेखी कळवलं. त्या पत्राची आठवण झाली की आजही कान गरम होतात.

महिन्याभराने वजनाचा अंदाज घ्यायला टेपने गायींची छाती मोजली. कंधारी जिथल्या तिथे, चकचकीत. संकरित गायींपैकी मात्र एकही उतरलेली नाही, आणि माझ्या तक्त्याने त्यांचा खुराक कमी झालेला! माझी ट्यूब पेटली. दिवाळीच्या आधी एका बुधवारी, न सांगता, सकाळी सात वाजता जाऊन उभी राहिले. कुंडलिकसाहेब कंधारीच्या घमेल्यातली पेंड उचलून शेजारच्या जर्सीपुढे ओतत होते.

"हे काय चाललंय?" मी ओरडले. "मी काय मूर्ख आहे म्हणून कागद काळे करते?"

तर त्या दिवशी हा माणूस बोलला. आयुष्यात एकदम एवढं बोलला नसेल.

"चार दिस घातलं तुमच्या तक्त्यापरमानं. बाईचं शेण पातळ, आंबूस. मग बंद केलं. डॉक्टरबाई, हिच्या आज्या-पणज्या मुरमाड माळावर कडब्यावर जगल्या. हिचं पोट सावकाश चालतं. कडब्याचा दांडा आत धरून ठेवती, पिळून पिळून रस काढती. अंगाला लागतंच किती तिला? आन ही जर्सी बगा. हिला नुसता कडबा टाकला तर पंधरा दिसात माकडहाड वर येईल. तिचं अंगच खर्चिक. पेंड दिली तर पचवती, सवय हाय तिला. बाईला तीच पेंड म्हंजी पोटात आग."

मग त्याने दोघींच्या गव्हाणी दाखवल्या. जर्सीने पाला खाऊन जाड दांडे तसेच टाकले होते. कंधारीची गव्हाण झाडून काढल्यासारखी साफ.

मी घरी जाऊन कॉलेजचं जाड पुस्तक काढलं. होतं त्यात. आपल्याकडच्या वशिंडाच्या जाती हलका चारा पोटात जास्त वेळ ठेवतात, त्यातून जास्त काढून घेतात, निव्वळ जगायला त्यांना कमी लागतं. विलायती रक्ताला जगायलाच जास्त लागतं, ते भरपूर खातं, आणि ताकदीच्या खुराकाचं चीज तेच करतं. आणि ज्या पोटाला दाण्याची सवय नाही त्यात एकदम दाणा पडला की सगळं आंबतं, आम्ल होतं, जनावर आडवं होतं. परीक्षेत यावर मला दहापैकी आठ मार्क होते. तो बरोबर होता, आणि याचाच मला राग आला.

बरं, राग आला तर आला, दुसऱ्या दिवशी जाऊन तक्ता काढायला काय झालं होतं? मी काढला नाही. खाली माझी सही होती, ग्रुपवर कौतुक झालेलं होतं, आणि भाईंना जाऊन 'मी चुकले, कुंडलिक बरोबर' सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी मनाशी म्हटलं, तो काय तक्ता पाळतोय थोडाच! भिंतीवर राहू दे. तो नेहमीसारखं त्याच्या मनाने घालेल, भाई खूश, गायी खूश. कंधारी तेव्हा पाच महिन्यांची गाभण होती. ट्रकमधून आली ती गाभण राहूनच, हेही आधी त्यालाच कळलं होतं.

आणि मग आली संक्रांत. बोरीवलीत संक्रांतीला गाईला घुगरी घालतात. ज्वारी उकडायची, त्यात गूळ, वर तूप, आणि डबे, पातेली, कुकरसुद्धा घेऊन सगळी गुजराती मंडळी गोशाळेत. त्यांचं बघून आता आमची मराठी मंडळीही येतात. भावना चांगली असते, नाही कोण म्हणतंय? पण सकाळी आठपासून दुपारपर्यंत प्रत्येक घरातून एक डबा, आणि गाय काही 'पुरे' म्हणत नाही.

मागच्या संक्रांतीला, कंधारी यायच्या आधी, कुंडलिकभाऊने डांगीला मागच्या जाळीपाशी बांधून पुढे गोणपाटं टांगली होती. लोकांशी हुज्जत घातली, डबे परत पाठवले. त्याच्या तक्रारी झाल्या. म्हणून यंदा ट्रस्टने त्याला गेटवर बसवलं, चपला आणि गाड्या सांभाळायला. आत मिथुन आणि दादू, भाईंच्या ऑफिसातली दोन माणसं. लोकांना देशी गाय हवी, म्हणून त्यांनी कंधारीला झूल घातली, शिंगांना झेंडू बांधले आणि सगळ्यात पुढे आणून उभी केली.

हा गेटवरून दोनदा आत गेला. म्हणाला, तिला दाणा चालत नाही, मरंल. मिथुनने भिंतीकडे बोट दाखवलं. "डॉक्टरांनीच लिहिलंय ना, सगळ्यांना सेम खुराक. तू डॉक्टर आहेस काय?"

तेव्हा त्याने मला फोन केला. मी कुठे? मांज्याने कापलेल्या पक्ष्यांच्या शिबिरात. दर संक्रांतीला असते मी तिथे, घारी, कबुतरं, पोपट, एकामागून एक. हातात घारीचा पंख, टाका अर्धा. स्क्रीनवर 'कुंडलिक गोशाळा'. मी म्हटलं, आता काय नवीन? आणि फोन कट केला. पाच मिनिटांनी परत आला. परत कट. जो माणूस दोन वर्षांत एकदाही फोन करत नाही तो दहा मिनिटांत दोनदा करतो, हे माझ्या टाळक्यात शिरू नये? शिरलं नाही. संध्याकाळी चारला तिसरा फोन आला तेव्हा उचलला.

"बाई पडली," तो म्हणाला.

मी पोचले तेव्हा कंधारी झुलीसकट आडवी होती. डोळे खोल गेलेले, कान गार, दात करकरा वाजत होते. मागून पाणी वाहत होतं, त्यात अख्खी ज्वारी, आणि वास विचाराल तर शिळ्या ताकाचा. पोटावर हात दाबला की आत डबडब. किती खाल्लं? मिथुनला माहीत नाही, दादूला माहीत नाही. "भाविक खूप होते, मॅडम." मी त्यांना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पण बोलताना भिंतीकडे बघायचं मी टाळत होते.

गाईला सलाईन लावून मला पंधरा वर्षं झाली होती. कुंडलिकभाऊने मान धरली, नस दाबून वर आणली, म्हणाला, "हितं." सुई गेली. सलाईनच्या बाटल्या, खायचा सोडा पाण्यात कालवून थोडा थोडा, दर दोन तासांनी कूस बदलायची. पुण्याला गेलेल्या माझ्या वर्गमित्राला, अनिरुद्धला, फोन करून पायरी पायरीने विचारत होते. तो गुरांचाच डॉक्टर. सकाळी तो म्हणाला, पोटातलं आम्ल उतरलं असेल तर आता निरोगी गाईच्या पोटातलं पाणी हवं, हिच्या पोटातले पचवणारे जीव मेलेत. मी म्हटलं, अरे, कुठून आणू? इथे नळी नाही, काही नाही!

मागे वळले तर कुंडलिकभाऊ आधीच बाह्या वर करून उभा. म्हणाला, रवंथ चोरतो. म्हणजे काय ते मला कळेना. गाय रवंथ करत असते, घास वर आला की तोंडात हात घालून तो घास काढून घ्यायचा. त्याच्या बापाने शिकवलेलं. मी समोरच्या जर्सीकडे बोट दाखवलं, ही गरीब आहे, हिचा घ्या.

"हिचा काय कामाचा? हिच्या पोटात पेंड पचवणारे. बाईला कडबा पचवणारे पायजेत. डांगीचा."

आणि तो डांगीपाशी जाऊन बसला. ती रवंथ करेपर्यंत अर्धा तास. मग एका हाताने जीभ बाजूला धरून दुसरा हात आत. डांगीने त्याला ढुशी दिली, पायावर पाय दिला, दोन बोटं दाढेखाली आली. सात घास काढले या माणसाने. कोमट पाण्यात कालवले, फडक्याने गाळले आणि बाटलीने बाईला पाजले. त्याच्या बोटांतून रक्त येत होतं. मी पट्टी घेऊन मागे मागे फिरत होते आणि तो हात देत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी कंधारी उठली. आधी मागचे पाय, मग पुढचे, लटपटत. कडब्याचा एक दांडा तोंडात घेतला आणि चावत राहिली. मी रडले, सरळ सांगते. भाईंनी पेढे आणले. ग्रुपवर माझा फोटो टाकला, 'आमच्या डॉक्टरांनी गोमातेला जीवदान दिलं.' मी त्याखाली काही लिहिलं नाही.

आठवड्याने सकाळी त्याचा फोन आला. एकच शब्द, "या."

वासरू आठव्या महिन्यातच पडलं होतं. मेलेलं. कालवड होती, आईसारखीच लाल. गोणपाटावर ठेवलेली, अंगावरचा चिकटा तसाच होता, आणि कंधारी तिला चाटत होती, थांबत होती, हुंगत होती, परत चाटत होती. भाई आणि आणखी दोन ट्रस्टी उभे होते. भाई मला म्हणाले, "जाऊ द्या डॉक्टर, गाय वाचली, ते मोठं. ह्याने त्या दिवशी नीट लक्ष ठेवलं असतं तर एवढंही झालं नसतं. आता याला ठेवायचं की नाही ते बघतो आम्ही."

कुंडलिकभाऊ त्यांच्याकडे वळलाच नाही. तो माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "डॉक्टरबाई, तक्ता चुकीचा हाय, हे तुम्हाला कवा कळलं?"

तो रागाने विचारत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या बुधवारी मी त्याच्यावर ओरडून निघून गेले होते. पुस्तक उघडलं, त्यात तेच सापडलं, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. तो इतके दिवस समजत होता की या डॉक्टरबाईला कळलेलं नाही, अडाणी आहे बिचारी. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

"दिवाळीच्या आधी," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलंत त्याच दिवशी. भाई, यांचं काही चुकलेलं नाही. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले."

मला वाटलं कुंडलिकभाऊ निघून जाईल, शिवी देईल, काहीतरी करेल. त्याने कोपऱ्यातलं कोरडं गोणपाट उचललं, त्याचे दोन तुकडे फाडले, एक माझ्या हातात दिला आणि कालवडीच्या पायांकडे बसला. मी डोक्याकडे बसले आणि पुसायला लागले.